मास्तरांच्या धोतराचा नकाशा

"मास्तरचं धोतर अजून वीतभर घटलं बे!" ग्रामपंचायतीच्या सभेत मागून कोणीतरी कुजबुजलं.

खरंच घटलं होतं. आमचे शेजारी गुलाबराव मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या धुराड्याची काजळी कोणत्या वस्तीवर किती पडते ते पाहायला ते धोतराचे तुकडे कापून गावभर टांगत. आठवड्याने ते गोळा करून भिंतीवर गावाच्या आकारात खिळ्यांनी ठोकत. वेशीचा वेशीच्या जागी, नदीकाठचा नदीकाठी. जिथला काळा, तिथली माणसं धूर खातात. कोणी जुनी चादर देऊ केली, तर म्हणत, "कपडा एकाच सुताचा पाह्यजे."

मास्तरीणकाकू वारल्यापासून घरात दुसरं कोणी नव्हतं. मास्तर तुकड्यांशीच बोलत. पाटलांच्या गच्चीवरचा पांढरा निघाला, की त्याला दटावत, "लाज नाही वाटत बे?"

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली. चारचौघांत मराठी बोलताना अडखळे, म्हणून गप्प असे. मास्तर मला शिडी धरायला नेत. मी काही विचारलं, की म्हणत, "आधी पाह्य, मंग बोल."

त्या दिवशी सभेत नव्या जिनिंगची जागा ठरायची होती. बहुतेकांचं बोट बौद्धपुऱ्याकडे होतं. जुनं धुराडंही तिथल्याच लोकांच्या डोक्यावर. मास्तरांची सगळी भिस्त तिथल्या तुकड्यावर.

सकाळी तो आणायला आम्ही बौद्धपुऱ्यातल्या यमुनाबाईंच्या दारात गेलो. त्यांनी घडी घातलेला ओलसर तुकडा पुढे केला.

"लई मयला झालता, मास्तर. धुऊन देल्ला. आमच्या घरून काया कपडा वापस जाईन, असं चालन का?"

मास्तरांनी घडी दोन्ही हातांनी घेतली. मग म्हणाले, "बरं केलं, बाई."

सभेत त्यांनी सगळे तुकडे ठोकले. बौद्धपुऱ्याचा सगळ्यात पांढरा.

"मंग काय राह्यलं?" सरपंच हसले. "मास्तरचाच नकाशा सांगून राह्यला, तिकडं धूर नाही. नवी जिनिंग तिथंच होऊ द्या."

मास्तरांनी तोंड उघडलं. समोर बायकांत यमुनाबाई बसल्या होत्या. साऱ्या गावात आपलाच तुकडा स्वच्छ, म्हणून पदर सावरून ताठ बसलेल्या. मास्तरांनी तोंड मिटलं, आणि ते केव्हाच पक्का बसलेला खिळा पुन्हा ठोकायला लागले.

माझं पाहून झालं होतं. मी उभी राहिले. सगळ्या माना वळल्या.

"यमुनामावशी," मी म्हणाले, "तो तुकडा धुतलात, तेव्हा पाणी कसं झालं होतं?"