केळव्याच्या दोन तसबिरींची मोहीम

श्री शीतलादेवी प्रसन्न. केळवे मुक्कामी तसबिरीवरून जो रणसंग्राम जाहला, त्याचे साद्यंत वर्तमान पुढिलांस ठाऊक असावे म्हणोन लिहिले ऐसे जे :

वज्रचुडेमंडित साखरबाई सुपारीच्या वाडीत पाहुणे उतरविण्याचा कारभार करीत. त्यांची सून वैभवीबाई, माहेर बोईसर, वेबसाईट उभारण्याच्या विद्येत निपुण. सासरी पहिलीच कामगिरी, म्हणोन तिणे मोठ्या उमेदीने वेबसाईट सजविली आणि वर रुंद तसबीर चढविली : डावीकडे नऊवारी नेसलेल्या साखरबाई, उजवीकडे कौलारू घर, मधोमध म्हैस. संगणकावर शोभा अपूर्व. परंतु मुंबईची रयत मोबाईलवर पाहणार, आणि मोबाईलचा पडदा अरुंद. सबब दोन्ही बगला छाटल्या जाऊन म्हैस तेवढी उरली. मग दादरहून पृच्छा आली की गोठा पाहावयास तिकीट आहे काय.

साखरबाईंचा क्रोध अनावर जाहला. फर्मान सुटले, "सगल्या मुंबईला म्हस दिसली, नि मी नाय? दिवालीचे पावणे यायच्या आत नीट कर, नाय तं उतरव ती वेबसाईट!"

वैभवीबाईंस घास गोड लागेना. तरी हिंमत न सोडिता तिणे अवघी तसबीर आक्रसून मोबाईलात बसविली. साखरबाईंनी चष्मा लावून सुनेच्या फोनात न्याहाळिले आणि पुसिले, "ही मुंगी कोन?"

मग तिणे सासूबाईंस नारळ हाती देऊन, मागे घर घेऊन, नवी उभी तसबीर काढिली आणि तीच सर्वत्र लाविली. मोबाईल काबीज जाहला. परंतु तिकडे तारापुरास, पती इंद्रजीतराव यांचे कचेरीतील रुंद पडद्यावर, मातोश्रींची कंबर आणि नारळ इतुकेच शिल्लक राहिले. सारी कचेरी जमा जाहली. रावांनी फोन केला, "अगं, आईचं डोकं कुठं गेलं?"

तेव्हा वैभवीबाईंनी मनी मसलत केली की, एका अंगरख्यात बाप आणि लेक मावत नाहीत, तैसे एक तसबीर दोन पडद्यांस पुरणे नाही. मग वेबसाईटीत पक्का हुकूम लिहिला : पडदा अरुंद दिसेल तेथे उभी द्यावी, रुंद दिसेल तेथे आडवी द्यावी, दुसरी त्या यंत्रात उगाच उतरवूही नये.

तथापि सासूबाईंचे फोनात जुनी तसबीर दडून होती. "म्हस हाय तितंच हाय!" ऐसा पुकारा होताच सुनेने फोनातील जुना साठा पुसून पान पुन्हा उघडिले. साखरबाई नखशिखांत प्रकटल्या. बराच वेळ पाहून इतुकेच वदल्या, "पदर बरा आलाय."

दिवाळीस दादरचे बिऱ्हाड रिक्षातून उतरले. त्यातील आजीबाई फोन आणि साखरबाई यांजकडे आळीपाळीने पाहून वदल्या, "अगं बाई, ह्याच त्या!" साखरबाईंनी मागे उभ्या सुनेचा हात धरून तिजला पुढे घेतले.

"घर माजं हाय," त्या म्हणाल्या, "पन दार हिनं उघडलं."

ऐसी फत्ते जाहली. उभी मोबाईलास, आडवी संगणकास, हा तह उभयतांस मान्य. मोर्तब.