चुलीला वळसा

सीलबंद बाटलीतलं पाणी उकळून पिणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या समोरच्या दारात राहायचा. आखातातल्या अल ऐनमध्ये तेव्हा पाण्याच्या मोठ्या बाटल्या घरपोच यायच्या. बुचावर प्लास्टिकचं सील असायचं. खैरे ते सील सुरीनं तोडायचे, पाणी पातेल्यात ओतायचे आणि घड्याळ लावून वीस मिनिटं खळखळा उकळायचे. पाहुण्यालाही तेच कोमट पाणी मिळायचं. बाहेर मे महिन्याची आग असताना ते घोटघोट गिळत मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोलले आहे, ते इथे लिहीत नाही. माझा मुलगा रोहन मात्र तोंडावर म्हणाला, "अंकल, इट्स ऑलरेडी क्लीन!"

"कोण म्हणतं? त्या कारखान्यात पाय लागलेत का तुझे?"

हे त्यांचं पालुपद. कुणी कशाबद्दलही मत दिलं की खैरे विचारणार, "तिथं पाय लागलेत का तुमचे?" लागले नसतील तर तुमचं मत फुकट. अमेरिकेबद्दल बोलायची तर आमच्या इमारतीत सोयच उरली नव्हती.

मुरलीधर खैरे एका कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळे, घरात एकटे. बायको फार पूर्वी गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. मी शाळेत गणित शिकवायची, म्हणून मला ते "बाई" म्हणत. त्यांच्या घरात पेन नव्हतं. भाजीची यादी, गॅसवाल्याचा नंबर, लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरचं नाव, सगळं पेन्सिलीनं. "खोडता येतं, बाई," एवढंच कारण.

शुक्रवारच्या सुट्टीत सकाळी ते टोपी घालून मराठी दारं मोजायला निघत. फोडणीचा वास, दारातल्या चपला, कठड्यावरचं वाळत घातलेलं धोतर, यावरून त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. एकदा एका इमारतीच्या पठाण चौकीदारानं त्यांना धरलं. "हर दरवाजा क्यों देखता है?" खैऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "हबीबी, गिनती करता हूँ. किसके घर में कितना आदमी है." आता हे ऐकून कोण सोडेल? मला हातातलं काम टाकून तडक सोडवायला जावं लागलं.

ही मोजणी कशासाठी, ते मला महादेव गेला तेव्हा कळलं.

आमच्या मराठी मंडळाचे सहा विभाग होते आणि प्रत्येक विभाग आपला एक प्रतिनिधी निवडायचा. विभागांच्या सीमा अध्यक्ष सबनीस दर दोन वर्षांनी आपल्या डायनिंग टेबलावर आखायचे. सबनीस माणूस वाईट नव्हते. गणपतीला रात्रंदिवस राबायचे. फक्त अध्यक्षपदावर आपल्याशिवाय कुणी बसू शकतं, ही कल्पना त्यांना सुचत नसे. सनाइयात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, गवंडी-सुतार-वेल्डर मराठी मुलांचा मोठा कॅम्प होता. तो अख्खा एका विभागात आला असता तर त्यांचा माणूस निवडून आला असता. म्हणून सबनिसांनी खोल्यांचे नंबर बघून कॅम्पचे तीन तुकडे केले. एक जिमी वस्तीतल्या कुटुंबांना जोडला, एक मुवैजी वस्तीला, एक गावातल्या बाजाराला. तिन्हीकडे ही मुलं मूठभर उरली आणि तिन्ही प्रतिनिधी सबनिसांचे.

महादेव त्या कॅम्पातला सुतार. झोपेतच गेला. असं झालं की कंपनीच्या मागे लागायचं, कागद हलवायचे, गावी फोन करायचा, हे काम विभागाच्या प्रतिनिधीचं. महादेव झोपायचा एका खोलीत, त्याचं नाव नोंदलेलं दुसऱ्या खोलीत. जिमीचा प्रतिनिधी म्हणाला मुवैजीचा असेल. मुवैजीचा म्हणाला बाजारवाल्यांना विचारा. बाजारवाला सुट्टीवर गेलेला. तिघांनीही अगदी मनापासून समजून घेतलं की दुसरा बघतोय. महादेव अकरा दिवस शवागारात पडून राहिला आणि त्याच्या आईला गावी कळलं ते बाराव्या दिवशी. मीही त्या अकरा दिवसांत मंडळाच्या हळदीकुंकवाची वाणं निवडत होते. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढच्या सभेत खैरे उभे राहिले. सभेत ते कधी बोलत नसत.

"सीमा आखायचं काम अध्यक्षांकडं नको," ते म्हणाले. "कमिटीकडंही नको. ज्याला निवडून यायचंय त्याच्या हातात पेन्सिल देऊ नका. साध्या सभासदांची समिती नेमा. चिठ्ठ्या टाकून पाच जण काढा. त्यांनी पुढं कुठल्याच पदाला उभं राहायचं नाही. आणि रेघ ओढताना सगळ्यांसमोर ओढायची."

सबनीस हसले. "खैरेसाहेब, हे मंडळ आहे की पार्लमेंट? आपण इथं व्हिसावर आलोय, यल्ला, चला, चार सण करायचे, खलास."

"महादेवपण व्हिसावरच आला होता," खैरे म्हणाले.

सबनिसांचा चेहरा उतरला. "ठीक आहे, काढा चिठ्ठ्या," ते म्हणाले.

चकल्यांच्या रिकाम्या डब्यात सगळ्यांची नावं पडली. खैऱ्यांनी मात्र आपली चिठ्ठी हळूच काढून घेऊन खिशात टाकली. मी बघितलं. "मी पेन्सिली तासून देईन, बाई. माझं नाव नको." पाच जणांत माझं नाव निघालं. वसईचा फ्रान्सिस डिमेलो, जो एका हॉटेलात कामाला होता, त्याचं निघालं. कॅम्पातला शंकर ठोंबरे निघाला तेव्हा मागून शिट्टी वाजली. उरलेले दोघे एकेका मीटिंगला येऊन गळाले.

मला वाटलं होतं, नकाशा समोर घेऊ, खैऱ्यांनी दारोदार मोजलेली संख्या सहानं भागू, तासाभरात मोकळं होऊ. गणिताची बाई ना मी! खैऱ्यांनी आम्हा तिघांना शुक्रवारी सकाळी सातला कॅम्पात नेलं आणि चार तास चालवलं. फ्रान्सिस रात्रपाळी करून आलेला. "खैरेअंकल, मॅप बघून चालणार नाय काय? माझे पाय गेले."

"पाय गेले म्हणजे लागले," खैरे म्हणाले.

कॅम्पाच्या तीन रांगा होत्या, आणि तिन्हींना मिळून एकच स्वयंपाकघर. शंकरनं आम्हाला आत नेलं. एवढ्या मोठ्या पातेल्यात डाळ रटरटत होती आणि तिन्ही रांगांतली मुलं ताटं घेऊन उभी होती. खैऱ्यांनी सबनिसांचा जुना नकाशा उलगडला आणि बोट ठेवलं. विभागांच्या तिन्ही रेघा बरोबर त्या चुलीवर येऊन मिळत होत्या.

"सबनीससाहेब इथं कधी आलेच नव्हते," शंकर म्हणाला. "त्यांना काय माहीत की हितं चूल हाय."

तिथंच खैऱ्यांनी नियम सांगितला. एका चुलीवर जेवणारी माणसं एका विभागात. संख्या थोडी कमीजास्त झाली तरी चालेल, चूल तोडायची नाही. मी आकड्यांवरून वाद घातला, शंकर मध्ये पडला, फ्रान्सिस भिंतीला टेकून झोपला. शेवटी मी हरले. बरं झालं हरले.

त्यानंतर सहा शुक्रवार आम्ही लोकांसमोर बसलो. जिमीच्या एका वहिनी तणतणल्या, "बॅचलर लोकांचा वेगळा विभाग? उद्या गणपतीत त्यांचंच चालणार!" खैरे दोन्ही हातांत पेन्सिली धरून कोपऱ्यात बसून राहायचे. कुणी सुचवलं की मी रेघ बदलायची, पुन्हा कुणी सुचवलं की खोडायची. कागद पार मळला. सभेत नकाशा मंजूर झाला तो फक्त चार मतांनी. सबनिसांनी विरोधात मत दिलं, आणि मग आमच्यासाठी चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खैऱ्यांनी माझी बेल वाजवली. नकाशाच्या प्रती काढायच्या होत्या आणि पेन्सिलीची रेघ झेरॉक्समध्ये उमटत नव्हती. शाईनं गिरवायला हवी होती.

"तुमचं पेन घेऊन या, बाई."

मी पेन घेऊन गेले. "अहो, तुमचा हात एवढा सफाईचा. तुम्हीच गिरवा ना."

त्यांनी आधी पातेलं गॅसवर ठेवलं. मग माझ्याकडे पाठ करूनच बोलायला लागले.

"मी इकडं यायच्या आधी आमच्या नगरपालिकेत होतो. नकाशे गिरवायचो. वॉर्ड पाडायचे होते, तेव्हा एक नगरसेवक कच्चा नकाशा घेऊन आले. आमची आळी त्यांच्या विरोधातली. म्हणाले, हिचे तीन भाग कर. मी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी खाली बघितलं. मी गिरवली रेघ. शाईनं. मधल्या गटारावरून."

पाणी अजून तापलं नव्हतं.

"त्या गटारात पिण्याच्या पाण्याचा पाइप फुटला. मी या वॉर्डात अर्ज दिला, ते म्हणाले त्या वॉर्डाचं काम. तिथं दिला, ते म्हणाले पलीकडचं. पावसाळा सगळा अर्ज देण्यात गेला. आळीत कावीळ आली. माझ्या सुमनला सातवा महिना होता." त्यांनी गॅस मोठा केला. "दोघंही गेली."

चार वर्षं मी त्या माणसाच्या पाण्याला हसले होते.

"बाई, पाय लागले की माणूस चुकत नाही, असं मी तुम्हाला सांगत आलो. खोटं आहे ते. माझे पाय त्या आळीत रोज लागत होते. तिथंच राहत होतो मी. तरी ओढली."

"तुम्ही लहान नोकर होता, खैरेभाऊ. तुम्ही नसती ओढली तर दुसऱ्यानं ओढली असती."

"ओढू दे की दुसऱ्यानं," ते म्हणाले.

मग ते टेबलाशी आले. नकाशा सपाट केला, चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि पट्टी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली. मी पेनचं टोपण काढलं. मी सनाइयाच्या टोकापासून सुरुवात केली. स्वयंपाकघराशी आल्यावर त्यांनी पट्टी उचलली, बाजूला सरकवली, पुन्हा दाबली. मी चुलीला वळसा घालून रेघ पुढं नेली. ती कुठं कुठं जाडबारीक झाली. एवढा सफाईचा माणूस, पण त्यांनी ती तशीच राहू दिली.

रेघ पुरी झाल्यावर त्यांनी शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली. मग उठून गॅस बंद केला आणि पाणी जरा निवल्यावर दोन पेले भरून आणले. मी माझा पेला शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.