भंगारच हाय ते!

"यंदाच्या पाडव्याला आमच्या अण्णांचा ट्रॅक्टर स्वतःच्या ताकदीवर मारुतीच्या देवळापर्यंत जाणार! लिहून ठेवा!"

देवळाली प्रवराच्या चौकात चहाचा कप उंचावून कानिफनानांनी जाहीर केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण चहा नानाच पाजत होते. बाकी तो ट्रॅक्टर गोठ्याशेजारी लिंबाखाली कित्येक वर्षं उभा होता आणि त्याच्या सीटवर अलीकडे फक्त कोंबड्या बसत होत्या.

पण नानांचा जीव त्यात अडकला होता. अण्णांनी हा विलायती ट्रॅक्टर आणला, तेव्हा आजूबाजूच्या गावांतून माणसं बैलगाड्या जुंपून बघायला आली होती. अण्णा गेले, ट्रॅक्टर राहिला. त्याचा आवाज पुन्हा एकदा कानावर पडावा, एवढीच नानांची इच्छा! रंगनाथ मिस्त्रीनं इंजिन उघडलं, पुसलं, परत जोडलं आणि हात झटकले.

"नाना, सगळं हाय. फकस्त डिझेल पंप न्हाई. आन ह्या मॉडेलचा पंप म्हंजी वाघिणीचं दूध!"

झालं! नानांनी राहुरी पालथी घातली, नगर पालथं घातलं. एका दुकानदारानं "पंप व्हय? मग आधीच सांगायचं!" म्हणत विहिरीवरची मोटर पुढ्यात आणून ठेवली. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नानांनी विचारलं, "डिझेल पंप कुठे मिळेल?" तर लोकांनी एकमुखानं कळवलं, "स्टँडच्या पलीकडे, चोवीस तास चालू."

शेवटी जामखेडला जुन्या सामानाचे व्यापारी चांदभाई भेटले. जिल्ह्यातलं कुठलं लोखंड कुठं गंजतंय, हे त्यांना तोंडपाठ!

"नेवाश्याला मेहताबभाईंकडं सेम टू सेम ट्रॅक्टर हाय. पंप साबूत. पर अब्बांची आठवन म्हनून ठेवलाय. सुटा पंप काय द्यायचे न्हाईत."

"मी येऊन गेलो, हे त्यांना कळू देऊ नका."

"तोबा, तोबा! चांदभाईच्या पोटात गेलेली गोष्ट भाईर येत न्हाई."

परतीच्या एसटीत नानांच्या डोक्यात बेत शिजला. भंगारवाला बनून जायचं, अख्खा ट्रॅक्टर भंगाराच्या भावात उचलायचा, घरी आणून पंप काढून घ्यायचा! बायकोला, मालनबाईंना, त्यांनी फक्त "कामाला चाललो" एवढंच सांगितलं. मालनबाईंनीही विचारलं नाही. ट्रॅक्टरच्या जागेवर त्यांना शेळ्यांसाठी गव्हाण बांधायची होती आणि त्यावरून नवराबायकोत बोलणं तसंही कमीच झालं होतं.

नाना टेम्पो करून नेवाशाला पोचले. दार मेहताबभाईंच्या मुलीनं, सुमैरानं उघडलं. "अब्बा बाहेरगावी गेलेत, काका. संध्याकाळी येतील."

मागच्या अंगणात ट्रॅक्टर उभा होता. पंप दिसताच नानांच्या काळजाचा ठोका चुकला! मुलगी पसंत पडल्यावर पाहुण्यानं पोह्यांकडे बघत राहावं, तसे ते मुद्दाम मागच्या चाकाकडे बघत राहिले. मग अस्सल भंगारवाल्यासारखी चाकाला लाथ मारली. अंगठा ठणकला, पण चेहरा हलू दिला नाही.

"काय ठेवलंय ह्याच्यात? भंगारच हाय ते! बोला, देताय का?"

सुमैरानं वडिलांना फोन लावला. "अब्बा, ट्रॅक्टर मागायला एक जण आलेत... हॅलो?... ट्रॅक्टर! देऊ का?"

पलीकडचा आवाज खरखरत, पण मोठ्यानं आला. "ट्रॅक्टर? भंगारच हाय ते! मिटव एकदाचं!"

नानांना वाटलं, इतका समजूतदार माणूस नेवाशात दुसरा नसेल. फळ्या लागल्या, गल्लीतली माणसं जमली, "हैश्शा! हैश्शा!" करत ट्रॅक्टर टेम्पोत चढला. इतक्यात नानांचा फोन वाजला. मालनबाई!

"अवो... खर्रर्र... मानूस आलाय... ट्रॅक्टर... खर्रर्र... देऊ का?"

नानांना निम्मं कळलंच नाही. ऐकू आला तो फक्त 'ट्रॅक्टर'! शेजारी सुमैरा उभी. आता फोनवरची ही बया घरच्या ट्रॅक्टरचं काही बोलली, तर सगळं बिंग फुटायचं!

"अगं, भंगारच हाय ते!" नाना ओरडले. "डोकं खाऊ नको! कर काय करायचं ते!" आणि फोन बंद करून टाकला.

परतीच्या वाटेवर टाकळीभानला टेम्पो चहाला थांबला. नाना खाली उतरले आणि जागीच खिळले. समोर दुसरा टेम्पो उभा आणि त्यात हुबेहूब तसाच ट्रॅक्टर!

"अजून एक! आरं, देव देतो तर छप्पर फाडून देतो!"

त्या टेम्पोजवळचा उंच, पांढऱ्या दाढीचा माणूसही नानांच्या टेम्पोकडे टक लावून बघत होता. दोघं सहज फिरायला निघाल्यासारखे एकमेकांकडे सरकले.

"राम राम. भंगार का?" नानांनी विचारलं.

"भंगारच. तुमचं?"

"भंगारच! इकायचंय का?"

"तुमचंच इकत असाल तर सांगा की!"

बोलता बोलता नाना त्या टेम्पोपर्यंत पोचले आणि मडगार्डवर त्यांची नजर गेली. तिथं ऑइलपेंटनं काढलेला मोर होता. मोर म्हणजे अण्णांनी मोर म्हणून काढलेलं बदक! असं बदक पृथ्वीवर दुसरं नव्हतं.

"आरं, हा तर आमचा ट्रॅक्टर!"

"या अल्ला!" तिकडून आरोळी आली. "हा तर माझा!"

"चोर!" दोघं एकदमच ओरडले.

चहावाला चहा सोडून बघायला आला. कोणी म्हणालं पोलिसांना बोलवा, कोणी म्हणालं आधी व्हिडिओ काढा. नानांनी घरी फोन लावला.

"तुमीच तर म्हनालात, कर काय करायचं ते!" मालनबाई म्हणाल्या. "मी केलं. गव्हाणीला विटाबी सांगितल्या!"

तो दाढीवाला म्हणजे खुद्द मेहताबभाई! तिकडे फोनवर सुमैराही त्यांना तेच ऐकवत होती, "अब्बा, तुम्हीच म्हणालात ना, मिटव एकदाचं?"

हळूहळू उलगडा झाला. मेहताबभाईंच्या ट्रॅक्टरचा पंप साबूत होता, पण इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या झाकणाला, चीर गेली होती. साबूत हेड होतं देवळालीत. म्हणून मेहताबभाईसुद्धा भंगारवाला बनून मालनबाईंसमोर उभे होते आणि बिंग फुटू नये म्हणून लेकीला फोनवर तसं बोलले!

"तुमाला देवळालीचं सांगितलं कुनी?" नानांनी विचारलं.

"जामखेडच्या चांदभाईंनी."

चांदभाईंना फोन गेला. ते उलट दुखावले! "दोघांनीबी सांगू नका म्हनून बजावलं हुतं. म्या सांगितलं का? मानसानं शबूद पाळायचा का न्हाई?"

मेहताबभाई आपल्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले, "अब्बा गेल्यापासून आवाज ऐकला न्हाई ह्याचा. बास, एकदा ऐकायचा हुता."

नानांचा सगळा राग तिथंच उतरला. "आमच्या अण्णांचंबी तसंच हाय, भाऊ."

चहा आला. तो पिता पिता ठरलं. पाडवा आणि ईद यंदा लागूनच होत्या. पाडव्याला मेहताबभाईंचा पंप देवळालीला येईल, ईदेला तोच पंप आणि नानांचं हेड नेवाशाला जाईल. ट्रॅक्टर उतरवायची गरजच पडली नाही. माणसांनी टेम्पो बदलले आणि दोघं आपापला ट्रॅक्टर घेऊन घरी गेले.

चारआठ दिवसांनी, पाडव्याच्या सकाळी, मेहताबभाई पंप मांडीवर घेऊन देवळालीला आले. रंगनाथनं तो बसवला, हँडल मारलं. ट्रॅक्टर खोकला, शिंकला, काळ्या धुराचा लोट सोडला आणि फट्‌ फट्‌ फट्‌ करत चालू झाला! लिंबाच्या फांद्या थरथरल्या. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे, असं ते म्हणाले. मेहताबभाईंनाही धूर बराच लागला.

"बसा मडगार्डवर!" म्हणत नानांनी पहिला गियर टाकला. देवळाकडे निघण्याआधी चाचणी म्हणून ट्रॅक्टर मोकळ्या वावरात उतरला. एक चक्कर झाली, दोन झाल्या. कडेला माणसं टाळ्या वाजवत होती. तिसऱ्या चकरेला नानांनी ब्रेक दाबला. तो नुसता खाली गेला, वर आलाच नाही. गियर ओढला, तर तो जागचा हलेना!

"रंगनाथ! इंजिन बंद कसं करायचं?"

"पंपाच्या तारेनं, नाना!"

"तार कुठं हाय?"

रंगनाथनं हातातल्या तारेकडे पाहिलं. "हितं हाय. लावायची राह्यली!"

ट्रॅक्टर बैलाच्या चालीनं गोल गोल फिरत राहिला. टाळ्या थांबल्या, माणसं पांगली. मालनबाई बांधावर येऊन उभ्या राहिल्या आणि पदर सावरत ओरडल्या, "अवो, पाहुन्यांना घिऊन या की आता! भाकरी गार झाल्या!"

स्टिअरिंग घट्ट धरून नानांनी मान वळवली.

"येतो! डिझेल संपलं की येतोच!"