पांढऱ्या पाठीची शाळा

मराठी शाळा टिकवायला मुलं लागतात, हा एक जुना गैरसमज आहे. मुलांचं काय, येतात आणि दहावी होऊन जातात. शाळा टिकते ती माजी विद्यार्थ्यांच्या जोरावर, आणि या बाबतीत भाईंदर पश्चिमेच्या खारभूमी विद्यामंदिराचा हात धरणारी दुसरी संस्था नाही. शाळेत सध्या एकेचाळीस मुलं आहेत. 'आपली शाळा, आपला श्वास' या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक हजार चोवीस. (तेही ग्रुप तेवढ्यावर भरतो म्हणून. बाकीचे वेटिंगवर श्वास घेतायत.)

शाळेचा इतिहास उज्ज्वल आणि खारट आहे. बाळारामशेठ पाटलांच्या मिठागराचा एक कोपरा असा होता, की तिथे काही केल्या मीठ धरेना. तेव्हा त्यांनी तो मोठ्या मनाने शिक्षणाला दिला. इमारत उभी राहिली आणि मीठ धरायला लागलं, पण भिंतींवर. तेव्हापासून आजतागायत भिंतीला टेकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची निळ्या गणवेशातली पाठ पांढरी होते. रंग काढून पाहिला, प्लास्टर काढून पाहिलं, एकदा तर ठेकेदारच काढला. मीठ गेलं नाही. शेवटी शाळा समितीने ठराव करून त्याला परंपरा घोषित केलं आणि खर्च थांबला.

उपक्रमांबाबत तर बोलायलाच नको. मराठी भाषा दिनाला माजी विद्यार्थी फेटे बांधून येतात, 'मराठी शाळा वाचलीच पाहिजे' अशा घोषणा देतात आणि जरा लवकर निघतात, कारण मुलांना इंग्रजी शाळेतून आणायचं असतं. बाळारामशेठच्या पुण्यतिथीला ते गणवेश वाटतात. देणारे फार आणि घेणारे कमी, त्यामुळे शाळेची दोन कपाटं गणवेशांनी भरली आहेत. (तिसऱ्यात फेटे.)

मुख्याध्यापिका चंद्रावतीबाईंना या प्रेमाचं इतकं कौतुक होतं, की कौतुकाने त्यांचं बीपी वाढायचं. त्यात पटपडताळणीची, म्हणजे मुलं मोजायला अधिकारी येणार अशी बातमी आली. पट साठच्या खाली निघाला तर शाळा बंद, जागा मोकळी. मोकळ्या जागेचं पुढे काय होतं हे भाईंदरच्या पोरांना पहिलीपासून येतं: खाली दुकानं, मध्ये पार्किंग, वर बावीस मजले.

बाईंना बावीस मजल्यांचं भय नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे नववीतली दिव्या होती. वडील जौनपूरचे, रिक्षा चालवतात, आणि ही तीन वर्षं मराठीत पहिली येतेय. (दुसरा येतो इथल्याच तारोडी गावचा उत्तम. तो घरी बोलतो तशीच मराठी पेपरात लिहितो, म्हणून त्याचे मार्क कापावे लागतात.)

"बाई, शाळा बंद झाली तर पप्पा मला गावी पाठवणार," दिव्या म्हणाली. "दहावी तिकडेच."

"कोण म्हणालं बंद होणार?"

"सगळेच बोलतायत."

बाईंनी ग्रुपवर आवाहन केलं: कृपया आपल्या पाल्यांचे प्रवेश घ्यावेत. प्रतिसाद भरघोस आला. जोडलेले हात तीनशे बारा, रडके चेहरे एकशे चाळीस, कविता चार. प्रवेश निरंक.

मग ग्रुपच्या ॲडमिनचा, सुयोगचा फोन आला. "बाई, फीलिंग समजून घ्या. ॲडमिशन म्हणजे जरा हेवी होतंय. मिसेस ऐकणार नाही."

"मग रे?"

"मुलं एका दिवसापुरती चालतील का? सकाळी सोडतो, दुपारी नेतो. टिफिन आमचा."

चंद्रावतीबाईंनी जन्मात खोटेपणा केला नव्हता. नातवाला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हासुद्धा त्यांनी कोणापासून लपवलं नव्हतं. खिडकीतून त्यांना पटांगणात दिव्या दिसत होती. त्या "बरं" म्हणाल्या.

सुयोगने ग्रुपवर टाकलं: संमती असल्यास अंगठा. सहाशे नव्वद अंगठे आले. (आधी वाचून मग अंगठा द्यायचा, अशी ग्रुपवर प्रथा नाही.)

पडताळणीच्या दिवशी शांती नगरहून गाड्या भरभरून पाल्य आले. कपाटं उघडली. दिव्याने सगळ्यांना प्रार्थनेची पहिली ओळ शिकवली आणि 'प्रेझेंट मिस' नाही, 'हजर' म्हणायचं, असं तीनदा घोकून घेतलं. शिपाई रंभामावशींनी रांगेवरून नजर फिरवली.

"बाई, पोरं झ्याक हायेत. पन पाठी कोऱ्या हायेत. आपला धर्मेस येतंय ना? त्याला कलंल."

ते खरं होतं. पडताळणी अधिकारी धर्मेश सर याच शाळेचे माजी विद्यार्थी. उसनी मुलं ओळखण्यात त्यांचा हातखंडा. मावशींनी लगेच पाल्यांना ओळीने भिंतीला लावलं आणि घासलं.

"हलू न्हको रं! तुजा बापूस पन असाच घासलाय मी."

धर्मेश सर आले.

"बस धर्मेश," बाई म्हणाल्या.

"बाई, ड्युटीवर आहे." पण बसायला सांगितल्यावर ते बसले, कारण सवय. मग उठून वर्गावर्गांत गेले. "सगळ्यांनी माझ्याकडे पाठ करा."

पाचवी पांढरी. सहावी पांढरी. सातवीत तर सरांनी नकळत स्वतःचीही पाठ चाचपली. आठवीत शेवटच्या बाकावरची एक मुलगी मात्र, पाठ करून उभी राहिली ती वळेचना.

"इकडे बघ. नाव काय?"

"आरोही."

"पूर्ण नाव."

"पप्पा, तुम्हाला माहितीये ना."

सगळ्या वर्गाने एकाच वेळी मागे वळून पाहिलं. (शाळेच्या इतिहासात प्रथमच.)

"तू... इथे काय करतेयस?"

"मम्माने पाठवलं. तुम्हीच थम्सअप दिलंत ना ग्रुपवर?"

सरांनी मोबाइल काढला. अंगठा होता. दाढी करता करता दिलेला. त्यांनी एकदा लेकीच्या पांढऱ्या पाठीकडे पाहिलं, एकदा दाराशी उभ्या असलेल्या बाईंकडे.

"काय लिहितोस, धर्मेश?" बाईंनी विचारलं. शुद्धलेखन घालताना विचारायच्या, तशाच आवाजात.

सरांनी लिहिलं: 'पट अत्यंत समाधानकारक. पालकांचा, विशेषतः वडिलांचा, सहभाग उल्लेखनीय.'

शाळा वाचली. दिव्या दहावी इथूनच देणार. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण चांगल्या कामाची दखल घेतली जातेच. शाळेला 'वाढत्या पटाची आदर्श शाळा' घोषित केलं गेलं आणि हे जमतं कसं ते पाहायला अभ्यासगट यायला लागले. तेही न कळवता. त्यामुळे आता पाल्य रोजच लागतात, आळीपाळीने. पालकांना दरवेळी विचारत बसणं शक्य नसल्याने एकदा दिलेला अंगठा कायमचा धरला जातो. पाल्यांची तक्रार नाही. आरोही तर पाळी नसतानाही येते, कारण तिकडच्या शाळेत भिंतीला टेकू देत नाहीत. दिव्याने तिची बाराखडी 'ध'पर्यंत आणली आहे.

आपणही हे मराठीत, इथपर्यंत वाचलंत, म्हणजे मराठी शाळेबद्दल आपल्याला कळकळ आहे. संध्याकाळी मूल घरी आलं की त्याच्या पाठीवरून प्रेमाने एक हात फिरवून पाहा. हाताला पांढरं लागलं तर त्याच्यावर ओरडू नका. अंगठा तुमचाच आहे.