जावयाने केलेली सुधारणा

प्राध्यापकांचा संगणक त्या सकाळी ठणठणीत होता, आणि जावयाला नेमके तेच बघवले नाही.

"बाबा, ही सिस्टिम किती जुनी! हिला आता कंपनीसुद्धा ओळख देत नाही," सुट्टी काढून सासुरवाडीला आलेला जावई खुर्ची ओढत म्हणाला. "अपग्रेड करून टाकतो. अर्ध्या तासाचं काम."

"मला आज पाचच्या आत लेख पाठवायचा आहे, जावईबापू."

"पाचला अख्खा दिवस पडलाय."

लेख साधासुधा नव्हता. एका जुन्या टीकाग्रंथाचा कर्ता एकच, असा सिद्धांत मांडून एका विद्वानांनी उभी हयात मानसन्मानात काढली होती. कर्ते दोन होते, हे प्राध्यापकांनी आता पुराव्यानिशी सिद्ध केले होते. अडचण इतकीच, की या विषयाला वाहिलेली पत्रिका एकच होती आणि तिचे संपादक हेच विद्वान होते. यापूर्वी दोनदा त्यांनी प्राध्यापकांच्या लेखाचा कणा तेवढा 'जागेअभावी' काढून घेतला होता आणि उरलेला गोळा सन्मानपूर्वक छापला होता. जागा नेहमी कण्यापाशीच कशी कमी पडते, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. लेख याही वेळी अखंड छापला गेला नसता, तर दुसरा टीकाकार जगाच्या लेखी कधी जन्मलाच नसता.

जावयाने बटण दाबले. पडद्यावर करारनामा अवतरला. 'मान्य' या शब्दाकडे बाण सरकताच प्राध्यापकांनी जावयाचा हात धरला.

"न वाचता?"

"बाबा, हे कोणीच वाचत नाही."

"म्हणूनच जगाची ही अवस्था आहे. जरा बाजूला व्हा."

जावई बाजूला झाला. सासऱ्यांच्या हातातून माउस काढून घेण्याचे धैर्य अद्याप कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवले जात नाही. प्राध्यापक पहिल्या कलमापासून वाचू लागले. सातव्या कलमातली 'वापरकर्ता'ची व्याख्या एकोणिसाव्या कलमाशी विसंगत निघाली, तेव्हा त्यांनी टिपणे काढायला घेतली. जेवणाची हाक दोनदा येऊन परत गेली. तेवढ्यात यंत्र कंटाळून झोपी गेले आणि जागे होताच त्याने करारनामा पुन्हा पहिल्या कलमापासून हजर केला.

"बरं झालं. ताडून बघता येईल," प्राध्यापक म्हणाले.

अखेर ते जेवणासाठी हात धुवायला उठले. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरातून आल्या, चष्माही न लावता त्यांनी 'मान्य' दाबले आणि पाने घ्यायला वळल्या.

"अगं! अटी वाचल्यास का?"

"लग्नाच्या वेळी तरी कुठे वाचल्या होत्या? जेवायला चला."

पडद्यावर 'थोडा वेळ लागेल' अशी ओळ उमटली. 'थोडा' म्हणजे किती, हे करारात कोठेही नमूद नसल्याचे प्राध्यापकांनी निदर्शनास आणले. यंत्र आपणहून बंद झाले, सुरू झाले, पुन्हा बंद झाले. जेवणे झाली, वामकुक्षी झाली, चहा झाला. चार वाजून गेल्यावर नवी सिस्टिम एकदाची उगवली. प्राध्यापकांनी घाईघाईने लेख उघडला.

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चौकोन, प्रश्नचिन्हे आणि एकमेकांना पारखे झालेले कंस पसरले होते. टीकाग्रंथाचे दोन्ही कर्ते एकदमच निवर्तले होते.

"बाबा, तुमचा फॉन्ट फारच जुना आहे हो. नव्या सिस्टिमला तो समजत नाही."

"मलाही नवी सिस्टिम समजत नाही. म्हणून मी तिची अक्षरं उडवली का?"

जावयाने कोठूनसा रूपांतराचा प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि लेखावर चालवला. चौकोनांची प्रश्नचिन्हे झाली आणि प्रश्नचिन्हांचे चौकोन.

"घाबरू नका. मूळ लेखाची प्रत मी आधीच पेन ड्राइव्हवर घेतलीय. आमच्या घरी जुना संगणक आहे, त्यावर नीट उघडेल. तूर्त हीच फाइल पाठवून देऊ."

"ही? हा कचरा?"

"आमच्या ऑफिसात मुदत गाठायची तर असंच करतात. समोरचा फाइल उघडतो, फोन करतो, 'काही वाचता येत नाही' म्हणतो. आपण म्हणायचं, 'असं कसं झालं? लगेच पुन्हा पाठवतो.' दोन दिवस सहज मिळतात."

"हा खोटेपणा आहे."

"ही पद्धत आहे, बाबा."

"पाच वाजत आले," आतून पत्नींचा आवाज आला. "तत्त्वं मागाहून काढा!"

कचरा रवाना झाला.

दोन दिवस उलटले. जावयाने नव्या फॉन्टमध्ये नीट केलेला लेख आणून दिला, पण संपादकांचा फोन काही आला नाही. शेवटी प्राध्यापकांनीच मन घट्ट करून फोन लावला.

"सर, परवा माझ्याकडून जो लेख आला, तो जरा..."

"अहो, काय लिहिलंय!" संपादक उद्गारले. "दोनदा वाचला. इतकी नितळ मांडणी फार दिवसांनी पाहिली."

"नितळ?"

"मधे मधे थोडी क्लिष्ट होते, पण ती तुमची शैलीच. निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत आहे."

"पूर्ण?"

"शब्दन् शब्द! या वेळी कात्रीसुद्धा लावली नाही. थेट छापखान्यात धाडला."

"छापखान्यातून काही... तक्रार?"

"आली होती. अक्षरं नीट दिसत नाहीत म्हणाले. मी सांगितलं, लेखकांकडून परस्पर चांगली प्रत मागवा आणि छापा. मला पुन्हा दाखवायचं कारण नाही, मी वाचलेलाच आहे."

प्राध्यापकांनी फोन ठेवला. संताप येण्याची ते काही वेळ वाट पाहत राहिले, परंतु आला तो कित्येक वर्षांत न अनुभवलेला गाढ संतोष.

"काय हो, खूप बोलले का?" पत्नींनी विचारले.

"खूप. एवढं कौतुक त्यांनी जन्मात केलं नव्हतं."

मग त्यांनी दोन्ही टीकाकार धडधाकट असलेली प्रत छापखान्याकडे पाठवण्यासाठी उघडली आणि अखेरीस एक तळटीप जोडली: 'प्रस्तुत लेख दोनदा काळजीपूर्वक वाचून त्यातील सर्व निष्कर्षांना पूर्ण संमती दिल्याबद्दल लेखक संपादकांचा अत्यंत ऋणी आहे.'