तीन कोटेशनं

घरबसल्या वेब डिझायनिंग शिकवणारा एक कोर्स निवडायचा, एवढंच काम होतं. नीरजनं ते बाबांच्या कानावर घातलं, तिथे त्याची चूक झाली.

पांडुरंगराव इंदुरातल्या एका मिलच्या खरेदी खात्यात होते. मिलला टाळं लागून काही वर्षं झाली, भोंगा बंद पडला, पण तीन कोटेशनं आल्याशिवाय सुतळीचा तोडाही घ्यायचा नाही हा नियम त्यांच्या घरात चालूच होता. स्वयंपाकघरातला कुकरसुद्धा तुलनात्मक तक्त्यातून निवडून आलेला होता. तो आला तोवर शेजारणीच्या कुकरचं रबर दोनदा बदलून झालं होतं.

नीरजला मात्र तेवढा वेळ नव्हता. त्याचे मामा गजानन यांचं जवळच्याच हातोद गावी, मंडीजवळ खत-औषधांचं दुकान होतं. बी.कॉम. होऊन घरी बसलेला भाचा पाहून ते बहिणीला बजावून गेले होते, की रंगपंचमीपर्यंत पोराचं काही ठरलं तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी जीप घेऊन येतो आणि त्याला दुकानात बसवतो. नीरजला कीटकनाशकाच्या वासानं शिंका सुटत. मामांच्या मते ती सवयीची गोष्ट होती.

पांडुरंगरावांनी दिल्ली, पुणे आणि इंदुरातच तुकोगंज, अशा तीन संस्थांना पत्रं टाकली. दिल्लीचं उत्तर आधी आलं. फी डिसेंबरअखेरपर्यंत लागू. पुण्याचं जानेवारीत आलं, तेव्हा दिल्लीची मुदत संपलेली. दिल्लीला पुन्हा लिहिलं. तिकडून नवी फी आली, तोवर पुण्याची मुदत गेली. तुकोगंजची संस्था सायकलवर जाता येईल एवढी जवळ होती, पण तोंडी भाव पांडुरंगरावांना चालत नव्हता आणि लेखी द्यायला तिथे कुणाला सवड नव्हती.

"बाबा, जुनीच फी धरा ना. क्या फर्क पडतो?"

"मुदत संपलेल्या कोटेशनवर तुलना होत नसते. उद्या ऑडिटवाल्यानं विचारलं तर?"

"आपल्या घरात ऑडिटवाला कोण आहे?"

असले प्रश्न विचारणाऱ्यांनीच मिल बुडवली, असं पांडुरंगरावांचं जुनं मत होतं.

होळी जवळ आली तेव्हा नीरजच्या आईनं, सुलोचनाबाईंनी, जेवणात मीठ विसरायला सुरुवात केली. त्याचा अर्थ ओळखून पांडुरंगरावांनी तोडगा काढला. तिन्ही संस्थांचे इंदुरातले प्रतिनिधी एकाच दिवशी घरी बोलवायचे आणि खरेदी समितीसमोर निर्णय घ्यायचा. समितीत मिलच्या स्टोअरमधले रामभाऊ आणि कामगार खात्यातले बाबूराव. दोघांनाही बऱ्याच दिवसांत कुणी कुठल्या समितीवर घेतलं नव्हतं. दोघं इस्त्रीचे कपडे घालून आले.

रामभाऊंनी शेजारच्या रद्दीवाल्याचा तराजू आणून तिघांची पुस्तकं तोलली. पुण्याची सर्वांत जड निघाली, ती त्यांना पसंत पडली. बाबूरावांनी शिक्षकांनी संप केला तर काय व्यवस्था आहे, असं विचारलं. तुकोगंजच्या संस्थेचा जयेश टाय सैल करत म्हणाला, "काका, शिक्षक नाहीयेत. पुस्तक आहे आणि सीडी आहे."

"मग संपाचा प्रश्न मिटला," बाबूराव समाधानानं म्हणाले.

"माल कच्चा निघाला तर वापस घेणार का?" रामभाऊंनी विचारलं.

जयेशनं कोपऱ्यात बसलेल्या नीरजकडे पाहिलं. "कोणता माल, काका?"

मग पोहे आले. पोह्यांनंतर प्रत्येकानं आपला शेवटचा भाव चिठ्ठीवर लिहून द्यायचा होता. तिघांनी ओट्यावर बसून, वर शेव मागून घेत पोहे खाल्ले आणि चिठ्ठ्या दिल्या. पांडुरंगरावांनी त्या उघडल्या, चष्मा पुसला, पुन्हा वाचल्या. तिन्हींवर एकच आकडा होता.

"रिंग केली आहे यांनी, आपसात भाव ठरवलाय," ते थंडपणे म्हणाले. "खरेदी रद्द. नव्यानं कोटेशनं मागवा."

समितीनं माना डोलावल्या. नीरज उठून गच्चीवर गेला. सुलोचनाबाई पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या आणि जयेशशी दोन शब्द बोलून परत आल्या. त्या दिवशी आमटीत मीठ बरोबर पडलं.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामांची जीप दाराशी लागली. मामांचे कान अजून गुलाबी होते. ते चहा घेत असतानाच कुरियरवाला आला. "भिया, साइन कर दो. नीरजजी के नाम का है."

पांडुरंगरावांनी पुडकं उलटसुलट केलं आणि परत त्याच्या हातात दिलं. "आमची ऑर्डर नाही. वापस ले जाओ."

सुलोचनाबाई पोळपाट सोडून बाहेर आल्या. हा कोर्स त्यांनीच जयेशला सांगून मागवला होता, आणि तो आता दारातून परत चालला होता.

"अहो, मिलमध्ये मशीन बंद पडायची तेव्हाही तीन कोटेशनं मागवत होता?"

"छे. ब्रेकडाउन असेल तर इमर्जन्सी खरेदी. एकाच दुकानातून, त्याच दिवशी."

"मग पोरगा वर्षभर बंद पडलाय, हे दिसत नाही तुम्हाला?"

पांडुरंगरावांनी नीरजकडे प्रथमच त्या दृष्टीनं पाहिलं. मग सही केली. खाली 'तपासणीच्या अटीवर' असं लिहिलं.

"हे आधी सांगायचं ना," ते पत्नीला म्हणाले. "दिवाळीतच काम झालं असतं."

सुलोचनाबाई पोळ्या लाटायला गेल्या. लाटण्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मामांनी कपबशी खाली ठेवली. आपण रिकाम्या जीपनं परत जाणार, हे त्यांना कळून चुकलं होतं. नीरजनं हसत पुडकं फोडलं. पांडुरंगरावांनी तपासणीसाठी पहिला धडा मोठ्यानं वाचायला घेतला.

"'सर्वप्रथम आपला कम्प्यूटर सुरू करा.'"

भिंतीपाशी शिलाई मशीन होती, तिच्यावर रेडिओ होता. सगळ्यांनी तिकडे बघून घेतलं.

"हेही इमर्जन्सीतच घ्या, भाऊजी," मामा म्हणाले.

"नाही. जे मशीन घरात आलंच नाही, ते बंद कसं पडेल? ही नवीन खरेदी."

"घ्यायचा नाहीये, बाबा," नीरज घाईघाईनं म्हणाला. "मी सायबर कॅफेत जाऊन करणार आहे."

"अस्सं. कोणत्या?"

"कोणत्याही. आता तर गल्लोगल्ली आहेत."

"गल्लोगल्ली," पांडुरंगराव म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

नीरजनं पुस्तक मिटलं आणि तो मामांकडे वळला.

"मामा, जीपमध्ये पुढे बसू की मागे?"