दोन ओळींची अदलाबदल

रोज होणाऱ्या चुकीला चूक म्हणतात. अकरा दिवसांतून एकदा होणाऱ्या चुकीला योगायोग म्हणतात, आणि योगायोग दुरुस्त करण्याचे अधिकार कोणत्याही खात्याला दिलेले नाहीत. सीताबर्डीतल्या एका कंपनीत नव्याने लागलेल्या अरुंधतीला हे माहीत नव्हतं. तिला फक्त काम येत होतं.

कंपनी आभासी यंत्रं चालवायची. आभासी यंत्र म्हणजे मोठ्या संगणकाच्या पोटात राहणारा छोटा संगणक. (आपण स्वतंत्र आहोत असं त्याला वाटतं, पुण्याला मुख्य कार्यालय असलेल्या नागपूर शाखेसारखंच.) असं एक यंत्र कळमेश्वरच्या एका डेअरीतली दुधाची टाकी सांभाळायचं. टाकी तापली की यंत्राला हाक जायची, ते उठून गारवा वाढवायचं आणि पुन्हा झोपायचं.

दर अकराव्या दिवशी मात्र ते उठायचंच नाही. मग डेअरीतल्या शालिकरामजींचा फोन यायचा.

“म्याडम, तुमची मशीन पुन्हा झोपली जी. आठ हजार लिटरचं दही लागून राहिलं.”

अरुंधतीने आठ दिवस खपून कारण शोधलं. झोपण्याआधी यंत्र वही पाहायचं: कोणाची हाक? नाही. मग दारावर ‘झोपलो आहे’ अशी पाटी लावून आडवं व्हायचं. वही पाहणं आणि पाटी लावणं यांच्यामध्ये पापणी लवण्याच्या लाखाव्या हिश्श्याएवढी फट होती. हाक नेमकी त्या फटीत आली, तर हाक आणणाऱ्याला दारावर पाटी दिसायची नाही. यंत्र जागंच आहे, वाचेल, असं समजून तो वहीत नोंद करून निघून जायचा. काही असेल तर कोणी उठवेलच, असं समजून यंत्र झोपायचं. दोघंही नियमाला धरून वागायचे आणि दूध नासायचं.

उपाय दोन ओळींच्या अदलाबदलीचा होता: आधी पाटी लावायची, मग वही पाहायची. अरुंधतीने तो चार मिनिटांत केला. (पैकी तीन मिनिटं चहा.)

“आधी चूक होताना दाखव,” गुणवत्ता विभागाचे श्रीधरसाहेब म्हणाले. “न दिसणाऱ्या चुकीवर मी सही करत नसतो.”

म्हणून अरुंधतीने यंत्राच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवायची सोय केली. त्या नोंदी लिहिण्यात वेळ जाऊ लागला, यंत्राची चाल बदलली आणि चूक गायब झाली. बावीस दिवस दूध दूधच राहिलं.

“आपण पाहून राहिलो का होत नाही ना?” श्रीधरसाहेब खुलले. “मंग दुरुस्ती काहून करायची? पाहत राहू!”

सहा अभियंत्यांचा निरीक्षण कक्ष स्थापन झाला. रोज चाळीस लाख नोंदी जमू लागल्या. सर्वांचा आशय ‘अद्याप काही नाही’ असा होता. कक्षाच्या तेविसाव्या दिवशी नोंदींनी जागा भरली, नोंदणी थांबली आणि दही लागलं. कक्षाच्या अहवालानुसार, सदर दही निरीक्षणाच्या कार्यकक्षेबाहेर लागले.

अरुंधती बस धरून कळमेश्वरला गेली. शालिकरामजी टाकीला तळहात लावून स्टुलावर बसले होते.

“दिवसभर असेच बसता?”

“काय करू जी? नात झाली पारशिवनीले. दोन महिने झाले, अजून पाहाले गेलो नाही. हात काढला का भेव वाटते.”

परतल्यावर तिने त्या दोन ओळी बसवूनच टाकल्या. अर्जात ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात लिहिलं: शुद्धलेखन सुधारणा. (शुद्धलेखनाला मंजुरी लागत नाही, ते कोणी तपासतच नाही.) चाळीस दिवस दूध नासलं नाही. शालिकरामजींनी नातीला मांडीवर घेतलेला फोटो पाठवला, तेव्हा अरुंधतीने तो दोनदा मोठा करून पाहिला.

एक्केचाळिसाव्या दिवशी गावाची तक्रार आली. पूर्वी दर अकराव्या दिवशी लागणारं दही डेअरी गावात फुकट वाटायची. गावाला ते अतिशय आवडत होतं. अठ्ठ्याऐंशी टक्के ग्राहकांना चूक परत हवी होती. (उरलेल्यांना ताकही हवं होतं.)

“मागणी म्हणजे मागणी,” श्रीधरसाहेब म्हणाले. चुकीचं नाव ‘विश्रांती सुविधा’ ठेवून ती कंपनीच्या सगळ्या यंत्रांना द्यायचं ठरलं. त्यात लिफ्टची होती, नळाच्या पाण्याची होती, रक्ततपासणीच्या अहवालांचीही होती. फक्त वापरणाऱ्यांची संमती हवी होती.

संमतीसाठीची एक्केचाळीस पानी सूचना अरुंधतीकडूनच लिहून घेतली. तिने सतराव्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं: ‘कृपया नाही म्हणा. लिफ्ट मध्येच थांबेल.’ एकाने जरी नकार दिला, तरी बेत रद्द होणार होता. ती पडद्यासमोर बसून राहिली.

सतरा हजार लोकांनी सरासरी दोन सेकंदांत ‘वाचले, मान्य आहे’ दाबलं. एकाला अकरा मिनिटं लागली, तेव्हा अरुंधती आशेने उठून उभी राहिली. (त्याचं नेट गेलं होतं.)

तुमची संमती सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी मिळाली. तेव्हा तुम्ही दात घासत होता. कंपनी आपली आभारी आहे.